चादरीखालची शाळा

माझी शाळा दीड दिवसाची. पहिल्या दिवशी मास्तरांनी हंडा देऊन पाण्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बापाने खिडकीतून हाक मारली, म्हैस सुटली म्हणून. म्हैस संध्याकाळी सापडली. मी मास्तरांना परत कधी सापडलो नाही. दीड दिवसाचा गणपतीसुद्धा वाजतगाजत जातो, तसाच मीही गेलो, म्हशीच्या गळ्यातल्या घंटेच्या मागे.

अकलोलीच्या मागे डोंगरात आमचा पाडा. बापाने प्रभूला मानलं, ख्रिस्ती झाला, तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा असेन. पाड्यावर आमचं एकच घर तसं. बाकीच्यांचे देव वेगळे, त्यांचे सण वेगळे, त्यांच्या नाचात आम्हाला बोलावणं नाही. एकटं राहायचं कसं, हे एवढं मात्र मी लहानपणी नीट शिकलो. त्यात पहिला नंबर.

मोठा झाल्यावर भिवंडीला कापडाच्या लूमवर आलो आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळीत जायला लागलो. पाळकसाहेबांनी माझं लग्न जुळवलं. मुलगी नगरकडची, बारावी पास, मिशनच्या वसतिगृहात वाढलेली. तिच्या मामाने विचारलं, "शिक्षण किती?"

"फार न्हाय," मी म्हटलं.

हे खोटं नव्हतं. मामाने सातवी धरली. पाळकसाहेबांनी दहावी धरली. मी खाली मान धरली. रजिस्टरवर सही केली, ती मला येत होती. लूमवरच्या एका माणसाने शिकवलेली, चार अक्षरांची. मी ती लिहीत नसे, काढत असे. कोणी मोराचं चित्र काढतो तशी.

तिसऱ्या दिवशी बायकोने सामानाची चिठ्ठी हातात दिली. मी ती घेऊन उंबऱ्यात उभा.

"काय झालं?"

"काय न्हाय. अक्षर छान हाय तुझं."

ती माझ्याकडे बघत राहिली. चिठ्ठी मी उलटी धरली नव्हती, तेवढं माझं नशीब. मग तिने ती परत घेतली, म्हणाली, "थांबा, काही राहिलंय का बघते," आणि मोठ्याने वाचली. दोनदा. तूरडाळ, हळद, साबण, मीठ. मी सगळं आणलं, एक जिन्नस विसरलो नाही. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्यात या विषयावर एक शब्द झाला नाही. ती मोठ्याने वाचायची, मी लक्षात ठेवायचो. बाकीच्यांच्या संसारात भांडीकुंडी असतात, आमच्यात हे एक भांडं जास्त होतं, झाकण लावलेलं.

दोन मुली झाल्या. थोरली पाच वर्षांची झाली तेव्हा बायको म्हणाली, "मी हिला शाळेत नाही घालणार. घरी शिकवीन."

ती स्वतः पाच वर्षांची असताना वसतिगृहात टाकलेली. पहिलं वर्षभर रोज संध्याकाळी फाटकाचे गज धरून उभी राहायची, आई येते का बघायला. ते गज तिने मला हाताने दाखवले होते, केवढे जाड ते. मी काय बोलणार? ज्याने शाळाच बघितली नाही त्याने शाळेबद्दल मत द्यायचं म्हणजे बैलाने दुधाचा भाव सांगायचा. मंडळीत एक निवृत्त बाई होत्या, त्यांनी आपली मुलं काही वर्षं घरीच शिकवलेली. त्यांनी एक खोकं भरून पुस्तकं दिली, एक पाटी दिली, भिंतीवर लावायचा अक्षरांचा तक्ता दिला. आणि आमच्या खोलीत शाळा उघडली.

खोली एकच. अंजूरच्या रस्त्याला, शेतं जाऊन गोडाऊन आली त्याच्या कडेला, एका आगरी मावशींची चाळ. माझी ड्युटी संध्याकाळी सात ते सकाळी सात. मी येऊन, खाऊन, डोक्यावरून चादर घेऊन आडवा व्हायचो, आणि माझ्या पायथ्याशी शाळा भरायची. आधी प्रार्थना. मग शास्त्रातलं पाठांतराचं वचन. मग पाढे, नद्या, शरीराचे भाग.

बायको मुलींना सांगायची, "बाबा झोपलेत, हळू बोला." आणि स्वतः एवढ्या मोठ्याने शिकवायची की पलीकडच्या खोलीतल्या कोंबडीला पंधराचा पाढा आला असेल. मला तर आलाच. चादरीखाली मी थोरलीबरोबर पहिली केली, दुसरी केली. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, सगळं तोंडपाठ. फक्त कानाने. तक्ता माझ्या उशाच्या वर लटकलेला, पण मान वर करून बघायची सोय नव्हती. बाप तक्त्याकडे टक लावून बघतोय हे मुलींनी बघितलं असतं तर? घोरायचं नाटक करत मी बाराखडी शिकत होतो. त्यात मी खरंच झोपायचो, म्हणून ट-ठ-ड-ढ माझे कायम कच्चे राहिले.

आमच्या घरचा एक नियम होता, ख्रिस्ती घरांत असतो तसा. संध्याकाळी सहाला, मी ड्युटीवर जायच्या आधी, चार चटया टाकायच्या, प्रार्थना करायची, आणि घरच्या कर्त्याने शास्त्रातला भाग वाचायचा. कर्ता मी. बायकोने त्याची व्यवस्था केलेली. संध्याकाळचा भाग ती दुपारी मुलींना शुद्धलेखनाला घालायची. एकेक वाक्य तीन-तीनदा, सावकाश, दारात उभं राहून माझ्या चादरीकडे तोंड करून. आणि त्या पानात लूमवरच्या लाल सुताचा एक धागा घालून ठेवायची. संध्याकाळी मी धाग्यावर पुस्तक उघडायचो आणि घडाघडा म्हणायचो. पान कधी उलटायचं ते मला कळत नसे. दम लागला की उलटायचो.

"बाबा किती भरभर वाचतात," थोरली एकदा आईला म्हणाली.

"त्यांना सवय आहे," बायको म्हणाली. तिचं तोंड चुलीकडे होतं.

कौतुक वाईट असतं. एका रविवारी मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव सांगायला, उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर बोलून गेलो, मी रोज वचन वाचल्याशिवाय कामाला जात नाही. पाळकसाहेब म्हणाले, "आमेन." झाकण आता खिळे ठोकून बंद झालं.

बाहेर आमच्या शाळेची चर्चा होतीच. मावशी भाडं न्यायला यायच्या आणि दारात ठाण मांडायच्या.

"पोरींना शालंन का नाय घालीत रं?"

"घरातच शाळा हाय मावशी."

"आन् मास्तर कोन? तू?"

"मी शिपाई. घंटा वाजवतो."

बाजूच्या खोलीत उत्तर प्रदेशचा एक भाई राहायचा, माझ्याच कारखान्यात, माझ्याच पाळीला. तो विचारायचा, "फीस कितनी लेती है भाभी?"

"फीस माफ. मार अलग से."

लोक हसायचे. मला वाटायचं, हसले म्हणजे प्रश्न संपला. पण मुलींना कोणी सोबती नव्हतं, हे हसण्यात जायचं नाही. हिंदूंच्या मुली त्यांच्या शाळेत, मुसलमानांच्या उर्दू शाळेत, आणि आमच्या दोघी उंबऱ्यात. थोरलीने एक खेळ काढलेला. अकरा वाजता आईला सांगून मधली सुट्टी घ्यायची. आईने दिलेली पोळीभाजी स्टीलच्या दोन डब्यांत भरायची, झाकणं लावायची, तीन पावलं चालून पायरीवर जायची आणि तिथे डबे उघडून बारकीबरोबर खायची. एकदा मी चादरीतून ऐकलं, ती बारकीला सांगत होती, "शाळेत ना, सगळ्या मुली गोल बसतात आणि दुसरीच्या डब्यातलं खातात." बारकी म्हणाली, "तुझ्या डब्यात काय आहे?" "तुझ्यात आहे तेच," थोरली म्हणाली.

मी कुशीवर वळलो. ड्युटीवर जायच्या माणसाने झोपायला पाहिजे.

थोरली दहा वर्षांची झाली त्या वर्षी, ईस्टरनंतर, माझ्या सासूचं लकव्याने एक अंग गेलं. बायको दोन्ही मुलींना घेऊन गावी गेली. शाळा बंद पडू नये म्हणून शाळाही घेऊन गेली. पाटी, खोकं, तक्ता, सगळं ट्रंकेत. तक्ता होता तिथे भिंतीवर एक पांढरा चौकोन राहिला. शास्त्राचं पुस्तक तेवढं ठेवून गेली, लाल धाग्यासकट.

मला वाटलं, आता मस्त झोप. पहिल्या दिवशी डोळा लागेना. दुसऱ्याही दिवशी नाही. मग लक्षात आलं, रात्री लूमचा खडखडाट आणि दिवसा पाढे, मला शांततेत झोपायची सवयच नव्हती. मी चादर घेऊन पडायचो आणि स्वतःच बाराचा पाढा म्हणायचो. संध्याकाळी सहाला एक चटई टाकायचो, धाग्यावर पुस्तक उघडायचो आणि शेवटी पाठ झालेला भाग म्हणायचो. हरवलेल्या नाण्याची गोष्ट होती. बाई दिवा लावते, घर झाडते, नाणं शोधते. रोज तीच गोष्ट. देवालाही पाठ झाली असेल.

मे महिन्यात निळं आंतरदेशीय पत्र आलं. पोस्टमनने हाक मारली, "पत्र!" माझ्या जन्मातलं माझ्या नावाचं पहिलं पत्र. अक्षर गोल, बायकोचं नाही हे मलासुद्धा कळलं. थोरलीचं.

मी ते चटईवर ठेवलं आणि त्याच्यासमोर बसलो. पाहुणा आल्यासारखा.

पाळकसाहेबांकडे नेता येईना, साक्ष दिलेली. मावशींना वाचता येत नव्हतं, त्या एकट्याच माझ्या बरोबरीच्या. शेवटी पत्र खिशात घालून भाईच्या दारात गेलो.

"भाई, जरा ये पढ़ के सुना. मेरा चश्मा टूट गया."

तो तंबाखू मळत होता. "तेरा चश्मा था कब?"

दारातले आणखी दोघे हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने. "वही तो, था ही नहीं, इसलिए टूट गया." आणि पत्र खिशात परत.

रविवारी उपासनेनंतर मी एसटीडी बूथवरून सासुरवाडीच्या शेजारच्या घरी फोन लावायचो. तिकडून बायको सगळ्यांसमोर बोलायची, म्हणून सासूच्या तब्येतीपलीकडे काही नाही. त्या रविवारी थोरली फोनवर आली.

"बाबा, पत्र मिळालं?"

"मिळालं की! वाचलं पण. दोनदा."

"मग?"

"मग काय, झकास. काय अक्षर! मास्तरीणबाई होनार तू."

"तसं नाही. मग तुम्ही काय म्हणता?"

बूथवाला माझ्याकडे बघत होता. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते. पत्रात काहीतरी विचारलंय एवढं कळलं. काय, ते विचारावं तर वाचलं नाही हे उघड. मी जन्मभर केलं तेच केलं, सोप्या बाजूला उडी मारली.

"मी काय म्हननार? आई म्हनते तसं कर."

ती म्हणाली, "खरंच?"

"खरंच."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. एरवी ठेवायच्या आधी, आमच्या मंडळीच्या रीतीने, 'सलाम, बाबा' म्हणायची.

त्यानंतरच्या रविवारी ती फोनवर आलीच नाही, बायको सासूची तब्येत सांगून ठेवून द्यायची. ते 'बरं' माझ्या कानातून जाईना. कान हीच माझी एक कमाई, तो खोटं ऐकत नाही. मी ठरवलं, हे पत्र मीच वाचणार. डोकं चालवलं. नाण्याची गोष्ट मला तोंडपाठ. ती कुठल्या पानावर हेही ठाऊक, धागा होता. म्हणजे पानावरचा पहिला शब्द हा गोष्टीतला पहिला शब्द, दुसरा तो दुसरा. असं जुळवत गेलं की अक्षरं आपोआप ओळखीची होणार. मी पानाच्या डाव्या काठावर बोट ठेवलं आणि सरळ उजव्या काठापर्यंत नेलं. मग पुढची ओळ. लूमवरचा माणूस मी. सूत नेणारं आमचं शटल या काठापासून त्या काठापर्यंत जातं, मध्ये थांबत नाही.

बारा-तेरा दिवस मी असा अभ्यास केला. मग थोरलीचं पत्र उघडलं आणि ओळखीच्या आकारांवरून वाचलं. निघालं ते असं: 'दिवा बाई झाडून शेजारी झाडून.'

पुन्हा वाचलं. तेच. पोरीने एवढ्या लांबून खोली झाडायला सांगितली असेल, आईला माझ्या पसाऱ्याची काळजी असेल, असं म्हणून मी उठलो आणि खोली झाडली. दोनदा झाडली, कारण दोनदा लिहिलं होतं. पलंगाखालून बारकीची एक रिबीन निघाली.

जून अर्धा गेला. कारखान्यात माझ्या बाजूच्या लूमवर गमछ्यांचा माल चढला. एका लूमवर जोडीने दोन गमछे, मध्ये दोन बोटांची मोकळी पट्टी, तिथून नंतर कापून वेगळे करायचे. मी ती पट्टी बघत होतो आणि एकदम हात थांबला. पुस्तकाच्या पानावर मधोमध अशीच पट्टी होती. तो एक तागा नव्हता. दोन गमछे होते! मी एका गमछ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत होतो.

सकाळी घरी येऊन, चहासुद्धा न घेता, डाव्या रकान्यावर बोट ठेवून खाली उतरलो. गोष्टीत 'नाणे' पुन्हा पुन्हा येतं, तसा पुन्हा पुन्हा येणारा शब्द शोधला. सापडला. मग त्याच्या मागचे, पुढचे. सहीतली माझी चार अक्षरं मध्येच भेटायला लागली, गावची माणसं बाजारात भेटावीत तशी. पत्र वाचायला आणखी तीन आठवडे लागले. जोडाक्षरं तर दगडच. पण शेवटी ते मी वाचलं:

'प्रिय बाबा, सलाम. आजी झोपूनच असते. आईला इथे खूप दिवस राहावे लागेल. आपली नगरची मावशी आईच्या जुन्या वसतिगृहात कामाला आहे, ती म्हणते मला तिथे पाचवीत घाला. मला नाही जायचे. मी घरीच शिकेन. आई म्हणाली, बाबा म्हणतील तसे. बाबा, तुम्ही नको म्हणा. एवढेच म्हणा.'

शाळा सुरू होऊन महिना झाला होता.

मी बूथवर जाऊन बायकोला बोलावून घेतलं. म्हटलं, "थोरली कुठंय?"

"वसतिगृहात. तुम्ही 'आई म्हणते तसं' म्हणालात, नको नाही म्हणालात, बहिणीने तेच हो धरलं." मग आवाज उतरला. "मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल. मी वाट बघत होते."

"तुला ठावं होतं ना, मला..." बूथवाला ऐकत होता.

"ठाऊक होतं. पण तिला कसं सांगणार, बाबांना लिहून उपयोग नाही म्हणून? मला वाटलं, कोणाकडून तरी वाचून घ्याल."

"कोनाकडून?"

मीटर पळत होतं.

कल्याणहून माळशेज घाटातून नगरला जाणारी एसटी पकडून मी वसतिगृहावर गेलो. रविवार, उपासना सुटल्यावर एक तास भेटीचा. फाटकाचे गज खरंच जाड होते. थोरली आली, दोन वेण्या, निळा गणवेश. "सलाम, बाबा." चिंचेखालच्या बाकावर बसली, मधे एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून.

मी म्हटलं, "काय गं, इथल्या डाळीत डाळ असते का?" हसली नाही. दुसरा विनोद केला. तोही वाया. मग मी खिशातून निळं पत्र काढलं, गुडघ्यावर पसरलं, पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागलो. मोठ्याने. "प्रि... य. बा... बा."

तिने आधी पत्राकडे बघितलं, मग माझ्या बोटाकडे. घडाघडा वाचणारा तिचा बाप पहिलीतल्या पोरासारखा एकेक अक्षर फोडत होता. घाम माझ्या कानामागून उतरत होता. मधली जागा कधी कमी झाली कळलं नाही. 'तुम्ही नको'पर्यंत आलो आणि पुढच्या दगडावर अडकलो.

"म्हणा," ती हळूच म्हणाली.

"म्हणा," मी म्हटलं. "नको. मी नको म्हनतो. चल, ट्रंक भर."

ती खाली बघत पायाने चिंचेचा पाला सारत राहिली. "बाबा, ते मी तेव्हा लिहिलं होतं."

तेवढ्यात घंटा झाली. व्हरांड्यातून दोन मुली ओरडल्या, "ए, चल ना, डबा! तुझी जागा धरलीय!" आणि तिची मान त्यांच्याकडे वळली, आधी मान, मग ती. मला ती पायरी आठवली, दोन डबे आणि दोन्हीत एकच भाजी.

"जा," मी म्हटलं. हे मात्र नीट वाचून म्हटलं.

ती पळाली. अर्ध्यातून परत आली. "आता मी मोठं अक्षर काढीन," म्हणाली, आणि गेली.

गज धरून उभं राहायची पाळी त्या दिवशी माझी होती. रखवालदार म्हणाला, "सुटा आता, बाबा, फाटक लावायचंय."

दिवाळीच्या आधी सासू गेली आणि बायको बारकीला घेऊन परत आली. तक्ता त्याच पांढऱ्या चौकोनावर बसला. पहिल्या संध्याकाळी तीन चटया टाकून मी धाग्यावर पुस्तक उघडलं आणि खरं वाचलं. सहाचे पावणेसात झाले. बारकी बसल्या जागी झोपली, भात गार झाला, ड्युटीला उशीर झाला.

"अहो," बायको म्हणाली, "पाठ होतं तेच बरं होतं."

किती वर्षांनी आम्ही त्या झाकणावर हसलो.

थोरलीची पत्रं यायची, अक्षर केवढं मोठं, एका आंतरदेशीयमध्ये जेमतेम सहा ओळी. मी चार ओळी उत्तर द्यायचो, त्यात तीन चुका, त्या ती लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवायची. सुट्टीला यायची तेव्हा तिच्याकडे मैत्रिणींच्या गोष्टी असायच्या, आमच्याकडे ऐकायला जागा. पण राहायला ती परत आली नाही. दहावी तिथेच झाली.

आणि सकाळी मी ड्युटीवरून येऊन चादर ओढायचो. पायथ्याशी बारकीची शाळा भरायची. पण आता माझ्यासाठी मोठ्याने वाचायचं कारण राहिलं नव्हतं. बायको हळू शिकवायची, अगदी कानात सांगावं तसं, बाबांना झोप मिळावी म्हणून. मी चादरीखाली कान लावून पडून राहायचो. काही ऐकू यायचं नाही, आणि झोपही लागायची नाही.